बुजरा घोडा माणसाळवणे

उपासमार, मारहाण किंवा दीर्घ दुर्लक्ष यांमुळे माणसाला जवळ फिरकू न देणारा घोडा पुन्हा हाताळण्याजोगा करण्याची रीत. ‘घोडा फेरणे’ ही क्रिया याहून निराळी. तिच्यात कोऱ्या घोड्याला लगाम, खोगीर व चाल शिकवतात आणि ते काम चाबूकस्वाराचे. माणसाळवण्याचे काम मुख्यतः मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या चाकराच्या, हाती राहिले, म्हणूनच त्याविषयी लिहिलेले फारसे आढळत नाही.

भारतीय अश्वविद्येची परंपरा शालिहोत्राच्या नावाने सांगितली जाते. त्याचा काळ इ. स. पू. तिसरे शतक असा सर्रास दिला जातो. परंतु आज त्याच्या नावावर असलेल्या पाठांवरून इतका जुना काळ सिद्ध करणे कठीण आहे. शालिहोत्र ही ऐतिहासिक व्यक्ती मानावी की एका नावाभोवती वाढलेली परंपरा, याविषयी एकमत नाही. पुढे ‘शालिहोत्र’ हे अश्वशास्त्रावरील कोणत्याही ग्रंथाचे सामान्यनाम झाले आणि त्यावरूनच घोड्यांच्या वैद्याला ‘सलोतरी’ म्हणू लागले. हे ध्यानात घेता दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाने प्रत्येक घोड्याचे कुल, वय, वर्ण, चिन्ह, वर्ग आणि आगम लिहून ठेवावेत असे सांगितले आहे. आगम म्हणजे घोडा कोठून आला ते. बिघडलेल्या घोड्याबाबत आजही पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात (बारावे शतक, पूर्वार्ध) घोड्यांची परीक्षा व वाह्याळीचे, म्हणजे घोडे फिरवण्याच्या मैदानावरचे, खेळ यांचे वर्णन येते. कोल्हापूरचे शिलाहार चालुक्यांचे मांडलिक होते. तेव्हा ही विद्या कोल्हापूरच्या भागाला अपरिचित नसावी, यापलीकडे मात्र अनुमान ताणू नये. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) अंगावरील आवर्तांवरून, म्हणजे भोवऱ्यांवरून, घोड्याचे शुभाशुभ सांगितले आहे. देवमण नावाचा भोवरा असलेले वा पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय व तोंड पांढरे असलेले, जनावर शुभ मानण्याची चाल अजून टिकून आहे. अशुभ ठरलेल्या जनावराचे हाल यातूनच सुरू होतात. ते कोणी ठेवून घेत नाही, हातोहात विकले जाते आणि दर नव्या हाताला अधिक बुजते. खोड भोवऱ्यात शोधण्याआधी तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली, आणि जबड्यात शोधलेली बरी.

संस्थानी कोल्हापुरातील राजर्षी शाहू महाराजांच्या (कारकीर्द १८९४–१९२२) आठवणींत ‘खडखडा’ या गाडीचा उल्लेख वारंवार येतो. हिंदी कोशांत हाच शब्द घोड्याला गाडीची सवय लावण्यासाठी जुंपायच्या लाकडी सांगाड्याला आहे. नाव आवाजावरून पडले हे उघड आहे. मूळ सांगाडा व पुढे त्यावरून गाडी, असा क्रम असावा. कारण मागून येणाऱ्या खडखडाटाला न बिचकणे हाच जुंपायच्या घोड्याचा पहिला धडा होय. पागेतील मोतद्दारांची नावे इतिहासात क्वचितच उरली. पागेत चाकरीला असलेले गंगाराम कांबळे सर्वांना ठाऊक आहेत, तेही महाराजांच्या मदतीने काढलेल्या चहाच्या हॉटेलामुळे.

प्रत्यक्ष रीतीत पहिले काम पोटाचे. खंगलेल्या घोड्यापुढे दयेपोटी भरडलेल्या हरभऱ्याचा तोबरा धरणे घातक ठरू शकते. दीर्घ उपासानंतर एकदम चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मिळाली की रक्तातील फॉस्फरस वेगाने उतरतो व जनावर दगावण्याची भीती असते. म्हणून सुरुवातीचे दहा दिवस लसूणघास थोडा थोडा, पण वरचेवर द्यावा. त्याच काळात दातांच्या धारा, वाढलेले खूर आणि खोगिराने पडलेले पाठीवरचे व्रण तपासून घ्यावेत. अडेल ठरवलेल्या घोड्याचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते.

जवळीक त्यानंतर. घोड्याला सभोवार सुमारे ३५० अंश दिसते. कपाळासमोरचा लहानसा पट्टा आणि शेपटीमागची जागा तेवढी दिसत नाही. त्यामुळे सरळ समोरून वा मागून न जाता खांद्याच्या रोखाने, तिरके जावे. जाणते मोतद्दार पहिले काही दिवस घोड्याकडे जातच नाहीत. आवारात घास टाकून, पाठ करून, उकिडवे बसतात. घोडे आधी लांबून फुरफुरते, मग मान लांबवून सदऱ्याचा वास घेते. हात तरीही उचलायचा नाही. ‘घोडं आलं की आपण उठायचं न्हाई,’ असे इकडच्या बोलीत सांगतात. कान मागे चिकटले, नजर ताठरली की तेथेच थांबून एक पाऊल मागे घ्यावे. पहिला स्पर्श तोंडाला नव्हे, तर आयाळ संपते तेथील उंचवट्यावर करावा. घोडे एकमेकांना तेथेच खाजवतात आणि तेथे खाजवल्याने हृदयाचे ठोके मंदावतात असे प्रयोगांत दिसले आहे. थोपटण्यापेक्षा खाजवणे त्यांना अधिक मानवते. खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणे, यानंतरचा, आणि तोही व्रण भरल्यावर.

या टप्प्यावर घोडा जीभ फिरवतो, रिकामेच चावतो. जुने शिक्षक याला शरणागतीची खूण समजत. ताण ओसरताना कोरड्या पडलेल्या तोंडाला पुन्हा लाळ सुटते, हे अलीकडचे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. घोडा ‘मानला’ असे त्यावरून लगेच धरू नये.

सध्या कोल्हापूर परिसरात रंकाळ्यावरील व पन्हाळ्यावरील सफरीची, वरातीची आणि शर्यतीच्या गाडीची घोडी दिसतात. वरातीच्या घोडीला हलगी सोसते, पण डॉल्बी व फटाके एकदम सोसत नाहीत. आवाज लांबून सुरू करून दिवसागणिक जवळ आणावा लागतो. काटेरी लगाम वापरण्यास ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनुसार बंदी आहे.