गालॅपागस नौकापर्यटन

इक्वादोरच्या किनाऱ्यापासून सु. १,००० किमी. पश्चिमेस, पॅसिफिक महासागरातील गालॅपागस द्वीपसमूहात लहान जहाजावर मुक्काम करून बेटोबेटी वन्यजीव पाहत फिरण्याची पर्यटन-पद्धत. जहाज बहुधा रात्री पुढच्या बेटाकडे निघते; सकाळी व दुपारी प्रवासी ‘पांगा’ नावाच्या छोट्या होडीने किनाऱ्यावर उतरतात.

लहान जहाजाने दुर्गम निसर्गस्थळी पर्यटक नेण्याच्या या पद्धतीचे जनकत्व सामान्यतः लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन पर्यटन व्यावसायिकाकडे दिले जाते. त्याने १९६६ मध्ये पर्यटक अंटार्क्टिकास नेले व त्यानंतर लवकरच गालॅपागसच्या सफरी सुरू झाल्या. तथापि अर्जेंटिनाच्या नौदलाच्या जहाजांतून १९५८ मध्येच भाडे भरणारे प्रवासी अंटार्क्टिकाजवळील दक्षिण शेटलंड बेटांपर्यंत गेले होते. खुद्द गालॅपागसला त्याही आधी, १९३० च्या दशकात, धनिकांच्या खाजगी नौका येत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट १९३८ मध्ये युद्धनौकेतून येथे आले होते. मात्र या भेटी तिकीट काढून केलेल्या सहलींत मोडत नाहीत. भाडे भरून केलेला प्रवास एवढाच निकष धरल्यास अर्जेंटिनाचा दावा मान्य करावा लागेल. निसर्गतज्ज्ञाची व्याख्याने, छोट्या होड्या आणि गटागटाने किनाऱ्यावर उतरणे ही तीन अंगे एकत्र पाहिल्यास श्रेय लिंडब्लाडकडे झुकते व तेच अधिक सयुक्तिक वाटते. गालॅपागसपुरता त्यात इक्वादोरची राजधानी क्विटो येथील ‘मेट्रोपॉलिटन टूरिंग’ या कंपनीचाही वाटा होता. प्रत्यक्ष आरंभ १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातला मानावा.

राष्ट्रीय उद्यान १९५९ मध्ये, म्हणजे या पर्यटनाआधीच, स्थापन झाल्याने त्यावरील नियंत्रण इतर ठिकाणांपेक्षा कडक राहिले. जहाजावर जास्तीत जास्त १०० प्रवासी असतात. अनेक जहाजे केवळ १६ जणांची आहेत. अधिकृत मार्गदर्शकाविना ठरलेल्या स्थळी उतरता येत नाही. प्राण्यांपासून किमान दोन मीटर अंतर ठेवावे लागते. हा नियम जलसिंहाची पिल्ले मात्र पाळत नाहीत. २०१२ पासून, काही अपवाद वगळता, एकाच जहाजास तेच स्थळ चौदा दिवसांच्या आत पुन्हा दाखवता येत नाही. त्यामुळे एका आठवड्याच्या सफरीत सर्व बेटे येत नाहीत.

पश्चिमेकडे खोलातून वर येणाऱ्या क्रॉमवेल प्रवाहाचे थंड, पोषकद्रव्ययुक्त पाणी इझाबेला व फर्नांदिना बेटांना लागते. विषुववृत्तावर पेंग्विन टिकतात ते त्यामुळेच. न उडणारा पाणकावळा याच दोन बेटांच्या किनाऱ्यांवर आढळतो. सागरी इग्वाना हा मोठा सरडा शैवल खाण्यासाठी पाण्यात उतरतो: मोठे नर खोल बुडी मारतात, माद्या व लहान प्राणी ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर चरतात. थंड पाण्यात शरीर गार पडल्याने ते नंतर लाव्हाच्या काळ्या खडकांवर ऊन खात पडून राहतात, तर शरीरात साठलेले मीठ नाकातून फुरकून टाकतात. एस्पान्योला बेटावर अल्बॅट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी साधारणतः एप्रिल ते डिसेंबर या काळात विणीसाठी असतात. जानेवारी ते मार्च येणाऱ्यास ते सहसा दिसत नाहीत.

स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत पाण्याच्या पृष्ठभागावर पोहणे) बहुतेक सफरींत असते. डार्विन व वुल्फ ही दूरची उत्तरेकडील बेटे मुख्यतः पाण्याखाली बुडी मारणाऱ्या (डायव्हिंग करणाऱ्या) पर्यटकांसाठी आहेत. डिसेंबर ते मे पाणी उबदार व समुद्र शांत असतो. जून ते नोव्हेंबर या काळात ‘गारुआ’ ही धुकट रिमझिम असते.

एल निनोच्या, म्हणजे समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा उबदार होण्याच्या, वर्षांत (उदा., १९८२–८३, १९९७–९८) शैवल व मासे घटून पेंग्विन व इग्वाना मोठ्या प्रमाणावर मेले. २०२३ मध्ये पक्ष्यांच्या इन्फ्लूएंझामुळे काही स्थळे तात्पुरती बंद करण्यात आली. ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी पर्यटकांसाठी उद्यानाचे प्रवेशशुल्क १०० वरून २०० अमेरिकन डॉलर झाले आहे.