मेडिकल टाकायचंय? गाळ्याच्या मापापासून फार्मासिस्टच्या सहीपर्यंत

'दहा बाय दहाचा गाळा बघितलाय, मेडिकल टाकायचंय, कागद काय काय लागतील?' असा फोन आला की मी कागदांचं नंतर बोलतो. आधी विचारतो, डिपॉझिट दिलं का? नसेल दिलं तर थांबा. औषध नियम 1945 मधल्या नियम 64 प्रमाणे किरकोळ औषध दुकानाला किमान 10 चौरस मीटर जागा लागते. फुटांत मोजली तर जवळपास 108 चौरस फूट. दहा बाय दहाचा गाळा भरतो 100 फूट. आठ फुटांसाठी अर्ज अडतो. एकाच जागेत किरकोळ आणि ठोक अशी दोन्ही विक्री करायची असेल तर 15 चौरस मीटर, म्हणजे साधारण 162 फूट हवेत.

माप घेताना गाळा विकणाऱ्याच्या कागदावर विसंबू नका. माझ्या पहिल्या अर्जात नकाशावर 8 बाय 14 लिहिलं होतं, 112 फूट, म्हणून मी निर्धास्त. औषध निरीक्षकांनी आतून फीत लावली तेव्हा भिंतींची जाडी आणि कोपऱ्यातला खांब वजा जाऊन 105 च भरले. फर्निचरवाल्याला ॲडव्हान्स देऊन झाला होता. तेव्हापासून स्वतःची फीत घेऊन गेल्याशिवाय मी कोणालाही जागेबद्दल हो म्हणत नाही.

परवाना देते राज्याचं अन्न व औषध प्रशासन, सगळ्यांच्या तोंडी एफडीए. अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे) कार्यालयाकडे जातो आणि तो ऑनलाइनच भरायचा असतो. लोक 'लायसन' असं एकवचनात म्हणतात, पण साध्या मेडिकललाही दोन परवाने लागतात. फॉर्म 20 हा नेहमीच्या औषधांसाठी आणि फॉर्म 21 हा लस, सीरम, इन्सुलिन अशा, अनुसूची सी आणि सी-1 या नियमांतल्या याद्यांमधल्या औषधांसाठी. दोन्हींसाठी अर्ज फॉर्म 19 मध्ये. फी प्रत्येकी 1,500, मिळून 3,000 रुपये. अनुसूची एक्समधली औषधं, उदाहरणार्थ केटामाइन किंवा मिथाइलफेनिडेट, ठेवायची असतील तर अर्ज फॉर्म 19सी आणि परवाना फॉर्म 20एफ. नव्या दुकानाने पहिल्याच दिवशी त्या भानगडीत पडू नये असं माझं मत. कुलूपबंद कपाट, दोन प्रतींतली चिठ्ठी, त्यातली एक प्रत दोन वर्षं जपून ठेवायची, आणि गिऱ्हाईक महिन्यातून एखादं.

आयुर्वेदिक औषधं नुसती विकायला या नियमांखाली विक्री परवाना लागत नाही. होमिओपॅथीला मात्र वेगळा परवाना आहे, फॉर्म 20सी. प्रोटीन पावडर, बेबी फूड ठेवणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी. आणि दुकानात मोजकीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात शॉप ॲक्टखाली नुसती सूचना दिली की भागतं.

कागदांची फाइल तशी जाडजूड नसते. मालकाचा फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, जागा स्वतःची असेल तर मालकीचा कागद, भाड्याची असेल तर नोंदवलेला भाडेकरार, जागेचा मापांसह नकाशा, भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, कंपनी असेल तर तिची कागदपत्रं, फ्रीजचं बिल, फी भरल्याची पावती, आणि फार्मासिस्टचे कागद. यांत फेऱ्या घालायला लावतात ते भाडेकरार आणि फार्मासिस्टचे कागद. करारावरचा गाळा क्रमांक, नकाशावरचा क्रमांक आणि अर्जातला पत्ता अक्षरशः एक असू द्या. करारात 'दुकान नं. 3' आणि लाइट बिलावर 'गाळा नं. 3-अ' असलं की प्रश्न आलाच समजा.

एक कागद मात्र या यादीत नाही, तरी लोक तो आणायला धावतात: औषध विक्रेत्यांच्या संघटनेचं ना-हरकत पत्र. परवान्यासाठी कायद्यात त्याला जागा नाही. स्टॉकिस्ट, म्हणजे औषध कंपनीचा ठोक विक्रेता, नेमण्यासाठी संघटनेने ना-हरकत मागण्याच्या प्रथेवर भारतीय स्पर्धा आयोगाने 2013 साली ताशेरे ओढून ती बंद करायला सांगितली होती. संघटनेत जरूर जा, गावातल्या गावात तिचा उपयोग होतो. पण 'आधी आमचं पत्र आणा' असं कोणी म्हटलं तर तो नियम नव्हे.

आता फार्मासिस्ट. दुकान उघडायला मालक फार्मासिस्टच असला पाहिजे असं नाही. पण औषध फार्मासिस्टच्या हातून किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली गेलं पाहिजे, हा नियम 65 चा गाभा आहे. फार्मसी कायदा 1948 चं कलम 42 याच्याही पुढे जातं: नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणीही डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देणं हाच गुन्हा. नोंदणीकृत म्हणजे डी.फार्म. किंवा बी.फार्म.ची गुणपत्रिका नव्हे, तर राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत नाव, आणि तेही चालू नूतनीकरणासह. पणजीत नोंदणी झालेला मुलगा सावंतवाडीत दुकान सांभाळणार असेल तर त्याचं नाव महाराष्ट्राच्या नोंदवहीत यायला हवं. कायद्यातली व्याख्या तो ज्या राज्यात राहतो किंवा व्यवसाय करतो त्या राज्याबद्दल बोलते. आधीच्या दुकानातून सुटल्याचं पत्रही त्याच्याकडून घ्या. एकच नाव दोन दुकानांवर दिसलं तर दोन्ही अडचणीत.

आपल्याकडे सर्टिफिकेट भाड्याने घेण्याचा उद्योग सर्रास चालतो, हे सगळ्यांना माहीत आहे. भिंतीवर एका बाईंचा फोटो असलेलं प्रमाणपत्र आणि काउंटरवर बारावी झालेला भाचा. महिन्याला ठरलेली रक्कम देऊन हे वर्षानुवर्षं चालतं, आणि मग एका दुपारी निरीक्षक आत येऊन विचारतात, 'फार्मासिस्ट कुठे आहेत?' 'जेवायला गेल्यात' हे उत्तर एकदा खपतं. त्या महिनाभराच्या बिलांवरच्या सह्या आणि त्यांची हजेरी जुळली नाही की परवाना निलंबित होऊ शकतो, रद्दही होऊ शकतो. फार्मासिस्टने नोकरी सोडली तर लगेच लेखी कळवा आणि नवा येईपर्यंत चिठ्ठीवरचं औषध देऊ नका. धंदा बुडतो, मान्य. पण परवान्यावर नाव गेलेल्या फार्मासिस्टचं असतं.

ठोक विक्रीची गोष्ट वेगळी. तिथे फॉर्म 20बी आणि 21बी, आणि फार्मासिस्टच हवा असं नाही. दहावी पास आणि औषध विक्रीचा चार वर्षांचा अनुभव, किंवा पदवी आणि एक वर्षाचा अनुभव असलेली व्यक्ती चालते. म्हणून बरेच जण आधी ठोकचा परवाना घेतात. त्यावर किरकोळ गिऱ्हाईकाला एक स्ट्रिपही देता येत नाही, हे मात्र विसरतात.

परवाना मिळाला की दर्शनी भागात लावा आणि खरेदी फक्त परवानाधारकाकडूनच, बिलावर. बॅच नंबर नसलेलं 'स्कीमचं' बिल कितीही स्वस्त पडलं तरी घेऊ नका.

चिठ्ठीबद्दल थोडं सविस्तर, कारण रोजची चूक इथेच होते. चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, औषधाचं प्रमाण आणि मात्रा हवी. औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख टाकायची. डॉक्टरने लिहिलं नसेल तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा द्यायचं नाही. अनुसूची एचमधलं, म्हणजे फक्त चिठ्ठीवरच द्यायच्या यादीतलं, औषध संपलं असेल तर त्याच घटकाचं दुसऱ्या कंपनीचं देण्याचीही मुभा नाही. ग्राहक म्हणतो 'तेच द्या ना, दुसऱ्या कंपनीचं', तेव्हा डॉक्टरला फोन लावून बदल लिहून घेणं हाच मार्ग.

1 मार्च 2014 पासून अनुसूची एच-1 लागू झाली. सेफिक्साइम, लेव्होफ्लॉक्सासिन, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, क्षयाची औषधं तिच्यात आहेत. यांची वेगळी वही लागते: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, संख्या. वही तीन वर्षं सांभाळायची. निरीक्षक आले की बहुतेक वेळा हीच वही आधी उघडतात, आणि मग खरेदीच्या बिलातल्या सेफिक्साइमच्या गोळ्या मोजायला लागतात. साठ्यात शंभर कमी आणि वहीत चाळीसच नोंदल्या असतील तर उरलेल्या साठ कुठे गेल्या याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

फ्रीज 2 ते 8 अंशांवर, आणि त्यात डबा-दही नको. इन्सुलिनशेजारी ताकाची बाटली बघितलेली आहे, म्हणून सांगतो. मुदत संपलेला माल कंपनीकडे परत जाईपर्यंत वेगळ्या खोक्यात, खोक्यावर ठळक अक्षरांत 'विक्रीसाठी नाही' लिहून. रॅकवर एखादी स्ट्रिप राहिली तर 'परत पाठवायची होती' हा बचाव टिकत नाही. डॉक्टरांना मिळणारे नमुने आणि सरकारी पुरवठ्याची औषधं तर दुकानात दिसताच कामा नयेत.

2017 च्या दुरुस्तीपासून परवान्याचं नूतनीकरण गेलं. दर पाच वर्षांनी तेवढीच फी भरून तो चालू ठेवायचा. उशीर झाला तर विलंब शुल्क, आणि सहा महिने उलटले तर परवाना रद्द समजला जातो. तारीख विसरणारे बरेच असतात, कारण आता कोणी अर्ज मागत नाही. दुकान शेजारच्या गाळ्यात हलवलं तरी नवा परवाना लागतो. भागीदार आला, गेला किंवा वारला तर जुना परवाना त्या दिवसापासून जास्तीत जास्त तीन महिनेच चालतो, तेवढ्यात नव्या नावाने अर्ज जायला हवा. वडिलांच्या नावावरचं दुकान मुलाने चालवायला घेतलं की नेमके हेच तीन महिने दुःखात निघून जातात. तेराव्यानंतर लगेच कोणाला तरी एफडीएच्या कार्यालयात पाठवा.