गाडीत आधीच बसवलेलं सामान आणि त्याभोवती पॅनल : आमच्या कॅम्पर ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार. आम्ही कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय केलेल्या व्हॅनना, आतून प्लायची पॅनल बसवून देतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक वेळा रिकाम्या नसतात. ट्रॅव्हलर असते, विंगर असते, हल्ली अर्बेनियाही येते, आणि त्यात फ्रिज, इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी, पाण्याची टाकी, पंप, छताचा फॅन असं सगळं कुणीतरी आधीच बसवलेलं असतं, वायरी लोंबत असतात, पत्रा उघडा असतो, आणि मालक म्हणतात आता फक्त आतून पॅनल मारून द्या, चार दिवसांत होईल ना? चार दिवसांत होत नाही, आणि का होत नाही ते नीट कळावं म्हणून हा कागद.

आमचा एकच आग्रह असतो, बसवलेलं प्रत्येक पॅनल तुम्हाला स्वतःला, रस्त्याच्या कडेला, एका स्क्रूड्रायव्हरने काढता आलं पाहिजे. सुरुवातीच्या काळात आम्ही एका गाडीला मागची अख्खी भिंत एकाच शीटमध्ये केली होती, एकही जोड नाही, दिसायला इतकी सुंदर की आम्हीच फोटो काढत बसलो. पावसाळ्यात त्या कुटुंबाचा रात्री घाटात पंप बंद पडला, फ्यूज त्या भिंतीच्या मागे, आणि भिंत काढायची तर आधी बेड काढायला लागणार. लहान मूल बरोबर होतं, रात्रभर नळाला पाणी नाही. चूक पूर्णपणे आमची होती. त्यानंतर आम्ही आधी सामानाची यादी करतो, कुठल्या वस्तूला कधी हात लावावा लागेल ते लिहितो आणि मग पॅनलचे जोड कुठे येणार ते ठरवतो. फ्यूज, पंपाची जाळी, बॅटरीचे टर्मिनल, टाकीचा ड्रेन, यांच्यासमोर छोटं वेगळं झाकण येणारच, तिथे जोड दिसतो म्हणून तक्रार करू नका प्लीज.

टेपने माप घेऊन का भागत नाही

घरातलं कपाट करताना सुतार गुण्या लावतो, ओळंबा सोडतो, लेव्हल बघतो. गाडीत यातलं काहीच चालत नाही कारण गाडी उभी आहे ती जमीनच तिरकी असते, टायरमधली हवा कमीजास्त असते, आणि व्हॅनची भिंत वर जाताना आत झुकते, मध्ये फुगते, चाकापाशी एकदम पोटात येते. डावी बाजू मोजून उजवी तशीच कापू म्हटलं तर सरकतं दार एकाच बाजूला, त्यामुळे तेही जमत नाही. म्हणून आम्ही फरशीवर पुढून मागे मधोमध एक दोरा ताणतो आणि सगळी मापं त्या दोऱ्यापासून घेतो.

मग फर्मा, म्हणजे पॅनलच्या आकाराचा नमुना. ३ मिमी प्लायच्या दोन-दोन इंच रुंद पट्ट्या कापतो आणि ग्लू गनने जागेवरच एकमेकींना चिकटवत जातो, फ्रिजच्या कडेने, पाइपच्या कडेने, खिडकीच्या रबराच्या कडेने, असा एक सांगाडा तयार होतो. जिथे पत्र्याला गोलाई आहे तिथे परकाराचं एक टोक पत्र्यावर टेकवून पत्र्याच्या कडेने सरकवत न्यायचं, दुसऱ्या टोकाची पेन्सिल तीच गोलाई फर्म्यावर उतरवते. सांगाडा बाहेर काढून हार्डबोर्डवर ठेवायचा, त्या आकाराचा हार्डबोर्ड कापायचा, तो गाडीत लावून बघायचा, अडतंय तिथे घासायचं, आणि तो बिनबोभाट बसला की मगच चांगल्या प्लायला जिगसॉ लावायचा. एका अवघड कोपऱ्याला यात अर्धा दिवस सहज जातो. पण महागडी शीट एकदाच कापावी लागते.

पाइप किंवा जाड केबल पॅनलमधून बाहेर येत असेल तर आम्ही जोडाची रेघ त्या भोकाच्या मधोमध नेतो, म्हणजे अर्धं भोक एका तुकड्यात अर्धं दुसऱ्यात, पाइप न सोडता दोन्ही तुकडे बाजूला होतात. आणि स्विच असलेल्या पॅनलमागे तीन-चार इंच सैल वायर आणि एक कनेक्टर ठेवतो, नाहीतर पॅनल ओढलं की वायरच तुटते. सगळीकडे कडेला साधारण ३ मिमी फट सोडून त्यात रबर किंवा फेल्ट लावतो, गाडी वळताना बॉडी थोडी पिळते आणि लाकूड पत्र्याला टेकलेलं असलं की कुरकुर सुरू होते, ती कुरकुर एकदा कानात बसली की मैलोन्‌मैल डोकं खाते.

सामानाला श्वास घ्यायला जागा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. फ्रिज आतली उष्णता मागून किंवा खालून बाहेर टाकतो. त्याला चारी बाजूंनी घट्ट पेटीत बसवलं की तीच गरम हवा तो परत घेतो, कॉम्प्रेसर थांबतच नाही, आणि सकाळी बॅटरी रिकामी. मे महिन्यात विदर्भात गाडी उन्हात उभी असेल तर बघायलाच नको. म्हणून खाली जाळी, वर जाळी, गार हवा खालून आत आणि गरम वरून बाहेर. किती इंच मोकळे हवेत ते प्रत्येक फ्रिजच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल नंबरचा फोटो पाठवा, आम्ही शोधतो. इन्व्हर्टरचंही तेच, त्याच्या पंख्यासमोर पॅनल आलं की तो तापून ट्रिप होतो आणि लोक इन्व्हर्टर बदलायला निघतात.

लिथियम बॅटरीचं उलटं आहे. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी शून्य अंशाच्या खाली चार्ज करायची नसते, चांगलं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) असेल तर ते चार्जिंग बंदच करतं. लडाख किंवा स्पितीला जायचं असेल तर आधीच सांगा, मग बॅटरीच्या पेटीला आम्ही केबिनच्या बाजूने जाळी देतो म्हणजे आतली ऊब तिच्यापर्यंत पोचते.

गॅस सिलिंडर असेल तर तडजोड नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला अगदी तळाशी थेट गाडीबाहेर उघडणारं भोक लागतंच आणि तो कप्पा केबिनच्या बाजूने बंद लागतो. ते भोक पाडायला नको म्हणालात तर तो कप्पा आम्ही करत नाही. शेगडीच्या मागे प्लाय उघडा ठेवत नाही, स्टीलचा पत्रा लावतो. फोम आणि कापड घेताना आयएस १५०६१ लिहिलेलं आहे का बघा, गाडीच्या आतल्या वस्तू किती पटकन पेट घेतात त्याचं ते मानक आहे.

लाकूड, पाणी, स्क्रू

१८ मिमी प्लायची आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या वर जाते, ६ मिमीची साधारण बारा किलो. घरासारखं सगळं १८ मध्ये केलं तर दोन माणसांचं वजन नुसतं भिंतीत जातं. भिंतीला आणि छताला ६ मिमी पुरतं, भार घ्यायचा तिथे १२. एमडीएफ आम्ही लावत नाही, कोकणातला एक पावसाळा त्याला फुगवतो. आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या, पण त्याचीसुद्धा कापलेली कड उघडी ठेवली तर पाणी शोषते, म्हणून प्रत्येक भोकाची कड आतूनसुद्धा सील करतो आणि पॅनलचं खालचं टोक फरशीपासून सेंटिमीटरभर वर ठेवतो. पत्र्याच्या तळाशी कंपनीने पाणी निघायला भोकं दिलेली असतात, ती इन्सुलेशनने बुजवू देत नाही. ग्लासवूल एकदा ओलं झालं की ओलंच राहतं, त्याऐवजी बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम.

बाहेरचा पत्रा जेमतेम एक मिमीच्या आसपास असतो. लांब स्क्रू मारला की तो बाहेर डोकावतो किंवा पाण्याच्या टाकीत, नाहीतर वायरच्या जुडग्यात घुसतो, म्हणून आम्ही गाडीच्या आतल्या बरगड्यांवर रिव्हेट नट (पत्र्यात पक्के बसणारे, आतून आटे असलेले नट) बसवतो आणि त्यात स्क्रूड्रायव्हरने फिरणारा बोल्ट घेतो, तो दहा वेळा काढला घातला तरी ढिला होत नाही. सीटबेल्ट जिथे बोल्ट केलाय ती जागा आणि एअरबॅग असलेले खांब, इथे ड्रिल लावत नाही, कितीही मागे लागलात तरी.

आरटीओबद्दल थोडक्यात : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत करायच्या बदलांचे नियम आहेत, आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. सीट काढणं, गाडीचा प्रकार बदलणं याची मंजुरी आणि आरसीवरची नोंद पॅनलच्या आधी करून घ्या, नंतर तपासणीसाठी पॅनल उघडायला लागलं तर तुमचाच खर्च वाढतो.

खर्चाचं आणि गाडी आणायचं

स्क्वेअर फुटाचा रेट विचारला जातो, तो आम्ही देत नाही. साध्या छताचे वीस फूट एका दुपारी होतात आणि फ्रिजच्या मागचे तीन फूट दोन दिवस घेतात, त्यामुळे गाडी बघून पॅनलगणिक आकडा लिहून देतो. भिंत बंद करण्याआधी टेप धरून प्रत्येक वायर आणि पाइपचा फोटो काढतो, ते फोटो आणि सगळे फर्मे गाडीबरोबर तुम्हाला मिळतात, उद्या दुसऱ्या कारागिराकडे गेलात तरी त्याला कामाला येतील. हजारेक किलोमीटर चालवून परत आणा, बोल्ट पुन्हा आवळून देतो, त्याचे पैसे नाहीत.

गाडी आणताना टाकीतलं पाणी काढून आणा, सिलिंडर घरी ठेवा, फ्रिज रिकामा असू दे. आणि ज्याने वायरिंग केलंय त्याला शक्य असेल तर पहिल्या दिवशी तासभर बरोबर घेऊन या, तो तासभर असला की आमचा शोधाशोधीचा एक दिवस वाचतो आणि तेवढे पैसे तुमचे.