शस्त्र परवाना: दीडशे वर्षांचा कागद

९ डिसेंबर २०२४ ला बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यांचा जीव बंदुकीने गेला नव्हता. तरीही पुढच्या काही आठवड्यांत चर्चा येऊन थांबली ती पिस्तुलांवर. एकट्या बीडमध्ये हजाराहून जास्त शस्त्र परवाने असल्याचं समोर आलं. कुणी हवेत बार काढतोय, कुणी कमरेला पिस्तूल खोचून मिरवतोय, असे व्हिडिओ मोबाइलवरून फिरले. पोलिसांनी छाननी केली आणि जिल्हाधिकाऱ्यांनी बरेच परवाने रद्द केले. एवढे परवाने मुळात दिले कुणी आणि कशासाठी, हे विचारायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडे परवान्याची सुरुवात झाली ती नागरिकांच्या सुरक्षेसाठी नव्हे, सरकारच्या. १८५७ च्या धास्तीतून इंग्रजांनी हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने इंडियन आर्म्स ॲक्ट आणला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. गोऱ्या माणसाला परवान्याची गरज नव्हती, इथल्या माणसाला होती. कर्नाटकातल्या कोडवा समाजाला इंग्रजांनी सूट दिली होती. ती आजही चालू आहे आणि केंद्राने तिची मुदत २०२९ पर्यंत वाढवली आहे.

या कायद्याचा काच महाराष्ट्राला पुरेपूर माहीत होता. लंडनहून सावरकरांनी धाडलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांनी पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईत आणली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या त्यातल्याच एका पिस्तुलाने. चळवळीचं दुसरं टोक म्हणजे गांधीजी. १९१८ मध्ये गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांनी पत्रक काढलं, त्यात सगळ्या देशाला नि:शस्त्र करणारा हा कायदा त्यांनी इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत धरला. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता.

स्वातंत्र्य आल्यावर मात्र सूर पालटला. संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी कराचीच्या ठरावाची आठवण देऊन हा हक्क मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली. तारीख डिसेंबर १९४८ ची. त्याच वर्षी जानेवारीत ग्वाल्हेरहून मिळवलेल्या बेरेटा पिस्तुलाने गांधीजींचा खून झाला होता. परक्या राजवटीत ही मागणी का होती हे आंबेडकरांनी मान्य केलं, पण सराईत गुन्हेगारांनाही हाच हक्क द्यायचा का, असा उलटा प्रश्न केला. दुरुस्ती फेटाळली गेली. माझ्या मते आपल्याकडच्या बंदुकीचा खरा फैसला त्या दिवशीच झाला. अमेरिकेत ती हक्क ठरली, आपल्याकडे सरकारने दिलेली परवानगी.

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली दिसते. पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर सहसा परवाना द्यावाच, अशी तरतूद कलम १३ मध्ये आहे. कोकणात या बंदुका अजून घराघरांतून सापडतात. नळीत दारू ओतायची, वर काथ्या किंवा चिंधी, मग शिशाचे छरे, पुन्हा चिंधी, लोखंडी गजाने ठासायचं आणि ठिणगी देणारी केप लावायची. एका बारासाठी एवढा सोपस्कार. तोवर रानडुक्कर भातातून कधीच पसार झालेलं असतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला चाप लावला, बंदुका राहिल्या. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या, आणि निवडणूक ऐन हंगामात आली की गावोगाव कुरकुर सुरू. शस्त्रं सरसकट जमा करायला मुंबई उच्च न्यायालयाने आक्षेप घेतला, तेव्हापासून प्रत्येक प्रकरण छाननी समितीपुढे जावं, असं ठरलं आहे.

रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाची तऱ्हा निराळी. त्यासाठी जिवाला धोका असल्याचं पटवावं लागतं. पोलिसांचा चौकशी अहवाल जातो. मग शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी निर्णय घेतात. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारू नये, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात आयात १९८० च्या दशकात बंद झाल्यापासून जुन्या विलायती हत्याराची किंमत गगनाला भिडली आणि कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्व्हरही सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेलं. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेलं ‘निर्भीक’ सव्वा लाखाच्या घरात होतं! साहजिकच धोका कागदावर आणि रुबाब कमरेला, अशी वाटणी झाली. वाळू, जमिनी आणि गुत्तेदारी यांत पैसा आला तिथे परवान्यांचे अर्जही वाढले, यात नवल नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली. लग्नात-मिरवणुकीत बेफिकिरीने गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असंही घातलं. पण २०२४ च्या फेब्रुवारीत आठवड्याभरात घडलेल्या दोन घटना वरातीतल्या नव्हत्या. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, एका आमदाराने मित्रपक्षाच्या पदाधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा दाखल झाला. रिव्हॉल्व्हर परवान्याचं होतं. पुढे ८ तारखेला बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुक लाइव्ह चालू असताना खून झाला आणि मारेकऱ्याने नंतर स्वतःलाही संपवलं. वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं, तेही परवान्याचं, आणि परवाना उत्तर प्रदेशातला. धोका अंगरक्षकाचा तपासला गेला असेल. तो ज्याच्या पदरी होता त्या माणसाचा तपासायची सोय परवान्याच्या अर्जात नाही.

बिनपरवान्याच्या हत्यारांचा बाजार याहून मोठा, आणि त्याचा नकाशा पोलिसांना पाठ आहे. बिहारमधलं मुंगेर अठराव्या शतकातल्या मीर कासिमच्या शस्त्रशाळेपासून यात आहे. महाराष्ट्रात येणारी गावठी पिस्तुलं आणि कट्टे पुष्कळदा मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीचे असतात. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागूनच हे गाव आहे. बेकायदा हत्यार बनवण्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी थेट उमर्टी गाठून छापा घातला आणि तिथल्या भट्ट्या मोडून टाकल्या, कारण पुण्यात पकडलेल्या पिस्तुलांचा माग पुन्हा पुन्हा त्याच गावाकडे जात होता.