स्वेटर ऊब देतो, पण उधारीवर

भटकंतीला निघालेल्या एका मित्राने मध्यंतरी सामानाची यादी नजरेखालून घालायला पाठवली. समशीतोष्ण प्रदेशातला समुद्रकिनारा, वसंत ऋतू, काठाकाठाने दोन दिवसांची चाल आणि मधे एका रात्रीचा मुक्काम. यादीत तंबू होता, दोन टॉर्च होते, ड्रोनसुद्धा होता. गरम कपड्यांपुढे मात्र एवढंच: ‘एक स्वेटर पुरे. किनाऱ्यावर हवामान सम असतं.’

शाळेतल्या भूगोलाचं हे वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. समुद्र हवामान सम ठेवतो तो त्याच्या आळशीपणामुळे. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता तेवढ्याच पाण्याला लागते. त्यामुळे समुद्र तापतो सावकाश आणि निवतोही सावकाश. उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण समुद्रांचं पाणी सर्वांत थंड असतं ते डिसेंबरात नव्हे, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. म्हणजे जमिनीवर पालवी फुटत असते तेव्हा समुद्र अजून हिवाळ्याचा हिशेब पुरा करत असतो. दुपारी ऊन पडलं की जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार, दमट हवा आत येते. जितकं चांगलं ऊन, तितके हे खारे वारे जोरदार. उबदार, ओलसर हवा त्या थंड पाण्यावरून सरकली तर धुकं ठरलेलं. हवामान ‘सम’ असतंच, फक्त त्या पाण्याशी सम असतं.

तरी तापमापकात आकडा दिसतो 8 किंवा 10 अंश, आणि तिथेच आपण फसतो. शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की त्याला अल्पतापावस्था म्हणतात, आणि ती यायला बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि थकवा एवढं पुरतं.

कपडे उष्णता तयार करत नाहीत. भट्टी आपण स्वतः. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता देतो. पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना हाच आकडा 400-500 वॅटपर्यंत जातो. कपड्यांचं काम एवढंच, की त्वचेभोवतीची हवा जागच्या जागी धरून ठेवायची. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक, आणि स्वेटर म्हणजे बहुतांशी हवाच, लोकरीच्या जाळ्यात अडकवलेली. या हवेच्या जागी पाणी शिरलं की मामला बिघडतो. पाणी उष्णता वाहून नेतं ते हवेच्या जवळजवळ 24 पट वेगाने.

पण वहन हा लहान चोर. मोठा चोर बाष्पीभवन.

एक ढोबळ गणित करू. सुती टी-शर्ट घामाने आणि धुक्याने चिंब भिजला, त्यात 300 ग्रॅम पाणी आहे असं धरा. त्वचेच्या तापमानाला 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 जूल लागतात. हाच तो शाळेतला बाष्पनाचा अप्रकट उष्मा. 300 ग्रॅमसाठी झाले 7 लाख 20 हजार जूल. स्वस्थ बसलेल्या शरीराची 100 वॅटची कमाई या हिशेबाने बरोबर दोन तास नुसती टी-शर्ट वाळवण्यात खर्च होते. त्यातली काही उष्णता हवेकडून मिळते हे खरं, पण रात्रीची हवा असे उपकार फारसे करत नाही. चालताना ओल्या कपड्यांचं काही वाटत नाही, कारण तेव्हा भट्टी चारपट पेटलेली असते. मुक्कामाच्या जागी सॅक उतरवून टेकलं, की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. थंडी वाढलेली नसते, उत्पन्न घटलेलं असतं आणि खर्च तोच असतो.

‘सुती कपडे नकोत’ हा सल्ला इथून आला, आणि तो बरोबर आहे. त्याला जोडून जो दुसरा सल्ला मिळतो, ‘लोकर भिजली तरी ऊब देते’, तो मात्र नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. खरं तर हा सगळा लेख मी त्याच्यासाठीच लिहितो आहे.

लोकरीचा धागा ही निसर्गाची फार लबाड रचना. बाहेरून त्याच्यावर खवले असतात, घराच्या छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक, आणि त्यांच्यावर मेदाम्लांचा अतिशय पातळ थर. पाण्याचा थेंब त्यावर पडला तर घरंगळतो. आत मात्र केराटिन नावाचं प्रथिन आहे, आणि त्याच्या साखळ्यांवर जागोजागी पाण्याशी सलगी करणारे रासायनिक गट आहेत. पाण्याचा थेंब आत जाऊ शकत नाही, पण बाष्पाचा सुटा रेणू खवल्यांच्या फटींतून सहज आत शिरतो आणि तिथे हायड्रोजन बंधाने चिकटून बसतो. म्हणजे हा धागा द्रवाला दार लावतो आणि बाष्पाला घरात घेतो! हवेत सापेक्ष आर्द्रता 65 टक्के असेल तर लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 16 टक्के पाणी पोटात ठेवते. कापूस 8 टक्क्यांच्या आसपास. पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. हवा पुरती संपृक्त झाली तर लोकर तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी सामावते आणि तरी हाताला फारशी ओली लागत नाही.

आता गंमत पाहा. बाष्पाचा रेणू मोकळा हिंडत होता, तो धाग्यात चिकटून बसला. मोकळेपणासाठी त्याने जी ऊर्जा घेतली होती, ती आता त्याला परत करावी लागते. वाफेचं पाणी होताना जेवढी उष्णता सुटते तेवढी तर सुटतेच, शिवाय केराटिनशी जुळलेल्या बंधाची थोडी वरकड. म्हणजे कोरडा लोकरी स्वेटर दमट हवेत नेला की तो खरोखर गरम होतो. आतला माणूस काढून घेतला तरी होतो. कोरड्या खोलीतून धुक्यात पाऊल टाकताना अंगावरचा स्वेटर क्षणभर जास्त ऊबदार वाटतो, तो भास नव्हे.

किती उष्णता? समजा स्वेटर 300 ग्रॅमचा आहे. सॅकमध्ये कोरडा ठेवलेला, म्हणजे पोटात 10 टक्के पाणी. रात्रीच्या दमट हवेत तो 25 टक्क्यांपर्यंत गेला. शोषलेलं पाणी 45 ग्रॅम, सुटलेली उष्णता सुमारे 1 लाख 10 हजार जूल. हे सगळं एका तासात घडलं तर सरासरी 30 वॅट. त्यातली निम्मी बाहेरच्या हवेत गेली असं धरलं तरी 15 वॅट अंगाकडे येतात, ज्या शरीराची एकूण कमाई 100 वॅट आहे त्याच्याकडे. गणित उदार आहे, हे कबूल: त्वचेला लागलेला भाग ऊबदार राहत असल्याने तेवढं पाणी पीत नाही. तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

इथे एक पेच आहे, आणि जाहिरातींत तो कधीच सांगत नाहीत. लोकरीने शोषलेलं बाष्प कुठून आलं? हवेतून आलं असेल तर मिळालेली उष्णता वरकमाई आहे. पण ते तुमच्याच घामाचं असेल, तर त्याची वाफ करायला उष्णता तुमच्याच त्वचेने मोजली होती. लोकरीने त्यातली काही वाटेत अडवून परत दिली, एवढंच. आणि पुढे हवा कोरडी झाली की धाग्यात बसलेले रेणू सुटायला लागतात, सुटताना उष्णता मागतात, आणि ती तुमच्याकडून वसूल करतात. लोकर उष्णता निर्माण करत नाही, उसनी देते. पोट भरलेला, म्हणजे आधीच दमट झालेला स्वेटर काहीच उसनं देऊ शकत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की सामानाचा सगळा विचार बदलतो. बहुतेक लोक लोकरी कपडा चालताना घालतात. तेव्हा भट्टी भरात असते, घाम निथळत असतो, आणि स्वेटर आपली सगळी पत त्या चढावर उधळून टाकतो, जिथे तुम्हाला ऊब नकोच होती. माझं मत असं: चालताना पातळ पॉलिएस्टर घाला. ते उसनं देत नाही, पण वसुलीही करत नाही. धाग्यांच्या मधे अडकलेलं पाणी तेवढं वाळलं की मोकळं. लोकरीचा स्वेटर, कोरडे मोजे आणि कानटोपी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत तोंड बांधून सॅकच्या तळाशी ठेवा आणि मुक्कामावर ओले कपडे उतरवल्याशिवाय तिला हात लावू नका. त्या क्षणी शरीराची भट्टी मंदावलेली असते, हवा दमट होत चाललेली असते, आणि स्वेटर रिकाम्या पोटी असतो. उधारी घ्यायची वेळ हीच. पिसांचं जाकीट वजनाच्या मानाने याहून ऊबदार असतं, पण ओलं झालं की पिसं एकमेकांना चिकटतात, फुगवटा बसतो आणि हवा निघून जाते. धुक्याच्या किनाऱ्यावर मी एकट्या पिसांवर भरवसा ठेवणार नाही.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. अंटार्क्टिकावर पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला पाण्याने भरलेला प्लॅस्टिकचा नळा वाऱ्यात टांगला आणि पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. ‘वाऱ्यातली थंडी’ आकड्यात आणण्याची ही सुरुवात. अमेरिका आणि कॅनडाने 2001 मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार हवा 5 अंश आणि वारा ताशी 30 किलोमीटर असेल तर उघड्या चेहऱ्याला ते शून्य अंशासारखं लागतं. स्वेटरच्या जाळीतली हवा असा वारा सहज हुसकून लावतो, म्हणून वरून एक पातळ, वारा न शिरणारं विंडचीटर हवंच. जाडीचा प्रश्न नाही, विणीचा आहे.

खास किनाऱ्याचा म्हणून एक त्रास आहे: मीठ. लाटेचे तुषार उडाले, पँट वाळली, पण मीठ कापडात राहिलं. साधं मीठ 75 टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, आणि ते तर 33 टक्क्यांच्या पुढेच पाणी धरू लागतं. त्यामुळे खारं पाणी लागलेली पँट दिवसा वाळल्यासारखी वाटते आणि संध्याकाळी पुन्हा चिकट, ओलसर होते. शेकोटीशी कितीही धरली तरी रात्र दमट झाली की पुन्हा तेच. गोड्या पाण्यात खळबळून घेणं हाच इलाज.

रात्री आभाळ निरभ्र असेल तर प्रारणही, म्हणजे किरणांच्या रूपात निसटणारी उष्णताही, हिशेबात येते. कोरड्या वाळूतून उष्णता नीट वाहत नाही, त्यामुळे वाळूचा वरचा थर आकाशाकडे उष्णता फेकून झपाट्याने गार होतो आणि खालची ऊब वर पोचत नाही. ओली वाळू उलट: ती कोरडीच्या कित्येक पट चांगली वाहक, म्हणजे तिच्यावर झोपलात तर पाठीची उष्णता थेट खाली. स्लीपिंग बॅगचा अंगाखालचा भाग दबून सपाट झालेला असतो, त्यात हवाच नसते. म्हणून खालची मॅट ही चैन नाही. चकचकीत ‘अवकाशातलं’ ब्लँकेट प्रारण चांगलं परतवतं, पण अंगाला चिकटलं तर वहन थांबवत नाही आणि आतल्या बाजूने घामाचे थेंब जमवतं. रात्रभरात त्वचा आणि श्वासातून आपण पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. ते कुठेतरी जायला हवं.

आणि ऊब देतात म्हणून विकले जाणारे ते ‘फार-इन्फ्रारेड’ (उष्णतेचे अदृश्य) किरण सोडणारे पट्टे आणि बनियन! किरण सोडतात, यात शंका नाही. दगडही सोडतो, चप्पलही सोडते. तापमान असलेली प्रत्येक वस्तू सोडते, आणि तुमच्याकडून घेतल्याशिवाय कोणीच सोडत नाही. ‘शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते’ हेही असंच. डोकं हा शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे दहावा हिस्सा, आणि उष्णताही साधारण तेवढीच जाते. कानटोपी घ्यायची ती बाकीचं शरीर झाकलेलं असताना डोकं तेवढं उघडं राहतं म्हणून. अंगात ऊब यावी म्हणून दारू घेणाऱ्यांबद्दल एवढंच, की ती त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावते. गरम वाटतं ते उष्णता बाहेर चालल्यामुळे.

मित्राच्या यादीत मी ड्रोन खोडला आणि त्या वजनात मोज्यांचा दुसरा जोड, विंडचीटर आणि ती तोंड बांधायची पिशवी बसवली. सकाळी ऊन आल्यावर स्वेटर अंगावर ठेवून निघू नकोस, असंही लिहिलं. रात्रभर प्यालेलं पाणी तो आता सोडणार आणि त्याची उष्णता मागणार. काढून एखाद्या खडकावर पसर अर्धा-पाऊण तास, म्हणजे वसुली सूर्याकडून होईल.