चिकातून येणारी कावीळ: शिंगरू, खेचर आणि वासरू

बेळगाव जिल्ह्यात चिक्कोडी, रायबाग, अथणी भागांतल्या काही गोठ्यांत गाय व्याल्यावर जार पडेपर्यंत वासराला कासेला न लावण्याची आणि पहिला चीक खरवसासाठी काढून घेण्याची रीत अजून आहे. ‘पहिला चीक बाधतो’ हे तिचे कारण अगदीच निराधार नाही. मात्र ते खरे ठरते घोडीच्या बाबतीत.

माणसांत आई आणि बाळाचे रक्त न जुळल्यामुळे होणाऱ्या आजाराचा उलगडा १९३९-४० च्या सुमारास झाला. तिथे आईच्या रक्तातली प्रतिद्रव्ये, म्हणजे परक्या पेशींवर आणि जंतूंवर चालून जाणारी प्रथिने, वारेतूनच गर्भापर्यंत पोहोचतात. घोडी, गाय आणि म्हैस यांची वार मात्र ती अडवते, त्यामुळे शिंगरू जन्मते ते धडधाकट, आणि चिकातून तीच प्रतिद्रव्ये पोटात जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडू लागली की दिवस-दोन दिवसांत मान टाकते. हिरड्या आधी फिकट, मग पिवळ्या पडतात, लघवी तांबडी होते. खेचरांमधल्या या काविळीचे मूळ १९४७ साली फ्रान्समध्ये कारोली आणि बेसी यांनी दाखवले. गाढवाच्या तांबड्या पेशींवरचा एक घटक घोड्यात मुळीच नसतो, म्हणून खेचराच्या प्रत्येक गर्भात ही विसंगती असतेच. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधून शर्यतीच्या घोड्यांबद्दलचा अभ्यास आला. त्यात कूम्ब्स होते. माणसांच्या दवाखान्यांत आजही ज्यांच्या नावाची चाचणी होते, ते हेच, मूळचे पशुवैद्य.

पहिले शिंगरू सहसा वाचते, कारण घोडीच्या शरीराला नराकडून आलेल्या रक्तघटकाची ओळख बहुधा त्याच वितीत होते; धोका पुढच्या शिंगरांना. अंकलीहून दरवर्षी आळंदीला माउलींचे अश्व पाठवणाऱ्या या मुलखात घोडी पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. धोका आधी कळला तर शिंगराला मुसके बांधतात, दुसऱ्या घोडीचा चीक पाजतात आणि आईची कास पिळून रिकामी करत दीड-दोन दिवस काढतात. तोवर आतड्यातून प्रतिद्रव्ये रक्तात जाणे थांबलेले असते.

गायीत हा आजार आपसूक जवळजवळ होतच नाही. १९७० च्या आसपास अमेरिकेत वासरे अशी दगावली, ती गोचिडांमुळे पसरणाऱ्या एका रोगावरची, जनावराच्या रक्तापासून बनवलेली लस गाभण गायींना टोचल्यामुळे. आपल्याकडे गाय तांबडी मुतते तो बहुतेकदा गोचीडतापच असतो, त्याचा चिकाशी संबंध नाही. उलट, वारेने प्रतिद्रव्ये अडवलेली असल्याने वासराजवळ जन्मतः रोगप्रतिकारशक्ती जवळपास नसते, आणि ती मिळते पहिल्या काही तासांतल्या चिकातूनच.