पार्श्वभूमी: कॉफीचे पैसे आणि दहा लाख बाइट

ऑक्टोबर २००९ मध्ये बिटकॉइन या फक्त संगणकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या नाण्याला पहिल्यांदा भाव मिळाला: एका डॉलरला १,३०९.०३ नाणी. तो खरेदी-विक्रीतून आलेला नव्हता. नवी नाणी काढण्यासाठी (याला मायनिंग म्हणतात) संगणक सतत चालवला तर महिन्याचे वीजबिल किती येते, त्याला तीस दिवसांत निघालेल्या नाण्यांनी भागायचे, असा सरळ हिशेब होता. नाण्याची किंमत म्हणजे ते काढायला जळलेली वीज. हे नाणे हातोहात चालावे अशी सुरुवातीच्या मंडळींची इच्छा होती, आणि चालवायचे तर दुकानातल्या फळ्यावर लिहिता येईल असा काहीतरी दर हवाच होता.

आधीच्या प्रयोगांबद्दल थोडक्यात. १९८० च्या दशकात अंध स्वाक्षरीचे, म्हणजे नाणे कुणाचे ते बँकेला कळू न देता त्यावर तिची सही घेण्याचे, गणित मांडले गेले. ॲम्स्टरडॅमच्या एका कंपनीने त्यावर डिजिटल रोकड उभी केली, १९९५ मध्ये सेंट लुइसच्या एका बँकेने ती ग्राहकांना देऊ केली आणि १९९८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. सोन्याच्या साठ्यावर चालणाऱ्या दुसऱ्या एका डिजिटल चलनाच्या चालकांवर २००७ मध्ये अमेरिकेत आरोपपत्र दाखल झाले. कुणी येऊन टाळे लावील असे कार्यालयच नको, हा धडा २००९ च्या मंडळींनी त्यातून घेतला. त्यांची दुसरी अपेक्षा मात्र पुढे विसरली गेली. बिटकॉइनची कल्पना मांडणाऱ्या ३१ ऑक्टोबर २००८ च्या नऊ पानी निबंधाच्या शीर्षकात ‘इलेक्ट्रॉनिक रोकड’ हे शब्द होते, आणि प्रस्तावनेच्या पहिल्याच परिच्छेदात तक्रार होती की मध्यस्थांच्या खर्चामुळे इंटरनेटवर किरकोळ, सहज होणारे व्यवहार परवडत नाहीत. सुरुवातीच्या लोकांनी हा परिच्छेद वचनासारखा मनावर घेतला.

त्यांची संस्कृती वाटण्याची होती. जून २०१० मध्ये सुरू झालेला पहिला ‘फॉसेट’, म्हणजे नळ, आलेल्या प्रत्येकाला चित्रातली अक्षरे ओळखून टाइप केली की पाच नाणी फुकट देत असे. पुढे भाव वाढत गेला तसा हा आकडा ०.०५ पर्यंत आणि त्याखालीही आला. त्याच वर्षी २२ मे रोजी फ्लोरिडात दोन पिझ्झांसाठी १०,००० नाणी दिली गेली. हा व्यवहार आज वेडेपणाचा दाखला म्हणून सांगतात. त्या वेळच्या डोळ्यांनी पाहिले तर तो यशस्वी चाचणी होती: नाणे दिले आणि पोटात काहीतरी गेले. २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतावरचे अल्पाका लोकरीचे मोजे या नाण्यात मिळू लागले आणि बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागातल्या एका बारमध्ये बर्गर-बिअरचे बिल भागवता येऊ लागले. श्रीमंत व्हायची आशा नव्हती असे नाही; पण भेटीगाठींमध्ये आधी विचारले जाई ते ‘कुठे चालते?’

वापरणे सोपे नव्हते. सर्वांत जास्त घात केला तो ‘सुट्यां’नी. वॉलेटमध्ये, म्हणजे नाणी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नऊ हजार नाण्यांची एकच जमा असेल आणि त्यातले एक कुणाला द्यायचे असेल, तर अख्खी जमा मोडावी लागते. एक नाणे समोरच्याकडे जाते आणि उरलेली ८,९९९ सुटी म्हणून आपल्याच नव्या पत्त्यावर परत येतात. या नव्या पत्त्याची किल्ली, म्हणजे तिथली नाणी खर्चायला लागणारा गुप्त आकडा, जुन्या बॅकअपमध्ये नसायची. ऑगस्ट २०१० मध्ये नेमक्या याच प्रकारे जवळपास नऊ हजार नाणी कायमची अडकली. वापरकर्त्याने फाइलची प्रत आधी काढून ठेवली होती, मग एक नाणे स्वतःलाच पाठवून पाहिले आणि संगणक बंद केल्यावर नवी फाइल पुसली गेली. त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये शंभर किल्ल्या आधीच तयार करून ठेवायची सोय आली. म्हणजे शंभरेक व्यवहारांपर्यंत जुना बॅकअप चाले. पुढे पुन्हा तोच धोका. घरी छापलेल्या कागदी वॉलेटांतही हीच चूक होई: किल्ली सॉफ्टवेअरमध्ये भरायची, थोडे खर्चायचे, बाकीचे कागदावरच आहेत समजून सॉफ्टवेअर काढून टाकायचे. फाइलला पासवर्डचे कुलूप तर सप्टेंबर २०११ मधल्या ०.४.० आवृत्तीपर्यंत नव्हतेच. त्याच वर्षी जूनमध्ये एकाच्या संगणकावरून २५,००० नाणी चोरीला गेली होती.

शुल्काचा नियम त्या काळची वृत्ती दाखवतो. व्यवहार फुकटही जाई, फक्त नाणे मुरलेले हवे. किती मुरले ते ब्लॉकांत मोजत; ब्लॉक म्हणजे साधारण दर दहा मिनिटांनी नोंदला जाणारा व्यवहारांचा गठ्ठा, आणि असे गठ्ठे एकामागोमाग जोडून साखळी बनते. नाण्यांची रक्कम गुणिले ती किती ब्लॉक पडून आहेत, भागिले व्यवहाराचे बाइट, असा प्राधान्याचा आकडा निघे. एक नाणे, एक दिवस म्हणजे १४४ ब्लॉक जुने आणि व्यवहार २५० बाइटचा, ही फुकट जाण्याची किमान पातळी. प्रत्येक ब्लॉकमध्ये २७,००० बाइट जागा अशा व्यवहारांसाठी राखीव असे. मात्र ०.०१ पेक्षा लहान रक्कम पाठवायची तर शुल्क पडे, म्हणजे चिल्लरच महाग. फॉसेटवरून ०.००००५ अशी शंभर वेळा गोळा केलेली रक्कम ०.००५ होई. ती एकदम खर्चायला शंभर जमा जोडाव्या लागत, प्रत्येकी सुमारे १८० बाइट, एकूण १८ किलोबाइट. २०११ च्या दराने, हजार बाइटांना ०.०००५ धरून, शुल्क ०.००९ च्या वर. खिशात पैसे असूनही ते खर्चता येत नव्हते. मे २०१३ मध्ये ०.८.२ आवृत्तीने ५,४३० सातोशींखालच्या (सातोशी म्हणजे नाण्याचा दहा कोटीवा भाग) रकमांना ‘धूळ’ ठरवले आणि नोड, म्हणजे व्यवहार तपासून पुढे पाठवणारे जाळ्यातले संगणक, त्या पुढे पाठवेनात.

काउंटरवरची पद्धत अशी होती: दुकानदार स्थानिक चलनातली किंमत त्या क्षणीच्या भावाने नाण्यात बदलून क्यूआर कोड दाखवी, गिऱ्हाईक फोनने तो वाची आणि दोन-चार सेकंदांत व्यवहार जाळ्यात पसरे. दुकानदार आणखी काही सेकंद थांबे. तीच जमा दुसरीकडे खर्च करणारा व्यवहार दिसला नाही की कॉफी हातात. याला ‘शून्य कन्फर्मेशन’ म्हणत; व्यवहार ब्लॉकमध्ये नोंदला गेला की एक, त्यावर आणखी एक ब्लॉक चढला की दोन. ब्लॉकची वाट पाहणे शक्य नव्हते, कारण दहा मिनिटे ही सरासरी आहे. दर वीस ब्लॉकांमागे एकाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो आणि चारशेत एकाला तासाहून जास्त. म्हणून लॅपटॉपसाठी सहा कन्फर्मेशन, कॉफीसाठी शून्य, हा व्यवहारी तोडगा निघाला. तो टिकायला एकच अट होती: पुढच्या ब्लॉकमध्ये जागा असणे. ब्लॉक भरलेला असेल तर कॉफीचा व्यवहार तासन्‌तास लटकतो आणि तेवढा वेळ फसवणुकीला दार उघडे राहते.

ही जागा किती असावी, यावरच पुढे सगळे बिनसले.

सुरुवातीला ब्लॉकला वेगळी मर्यादा नव्हती; एका संदेशाचा कमाल आकार ३२ मेगाबाइट, तेवढेच बंधन. १५ जुलै २०१० रोजी मूळ निर्मात्याने दहा लाख बाइटची मर्यादा सांगणारी एक ओळ सॉफ्टवेअरमध्ये टाकली. बदलाच्या नोंदीत तिचे कारण दिलेले नाही. सप्टेंबरमध्ये ती प्रत्यक्ष लागू झाली. त्या काळात बहुतेक ब्लॉक जेमतेम काही किलोबाइटचे असत, मायनिंग स्वस्त होते आणि कुणीही फुकटात अवाढव्य ब्लॉक बनवून सर्वांच्या डिस्क भरू शकला असता. त्या दृष्टीने हा तात्पुरता बांध होता. ऑक्टोबरमध्ये मर्यादा वाढवण्याचा मार्गही त्यानेच सुचवला: उदाहरणार्थ ब्लॉक क्रमांक १,१५,००० पासून मोठी मर्यादा, आणि ही अट सॉफ्टवेअरमध्ये बरीच आधी घालायची म्हणजे तोवर जुन्या आवृत्त्या बाद झालेल्या असतील. तो ब्लॉक २०११ च्या मार्चमध्ये आला आणि गेला. एप्रिलनंतर निर्माताही गप्प झाला. ओळ तशीच राहिली.

मर्यादा घालणे आणि काढणे यांत मोठा फरक आहे. मर्यादा कमी केली तर नवे लहान ब्लॉक जुन्या नोडलाही वैध दिसतात आणि जुन्या नोडवाल्यांनी काही न करता निभते. मर्यादा वाढवली तर जुना नोड पहिला मोठा ब्लॉक नाकारतो, आणि त्या क्षणापासून दोन साखळ्या. म्हणजे एका माणसाने एका संध्याकाळी टाकलेली ओळ काढायला हजारो अनोळखी माणसांनी एकाच वेळी नवे सॉफ्टवेअर घ्यायला हवे होते.

आकडे सोपे आहेत. साधा व्यवहार अडीचशे बाइटचा धरला तर दहा लाख बाइटमध्ये ४,००० व्यवहार मावतात, म्हणजे सेकंदाला सात. प्रत्यक्षात व्यवहार याहून मोठे असतात आणि संख्या तीन-चारवर येते. त्यातही २०१३ पर्यंत सॉफ्टवेअर आपणहून २,५०,००० बाइटपर्यंतच ब्लॉक भरत असे. २०१२ च्या वसंतात सुरू झालेल्या एका जुगाराच्या खेळाने, ज्यात प्रत्येक पैज हा स्वतंत्र व्यवहार होता, ती जागाही खाल्ली. मार्च २०१३ मध्ये काही पूल (एकत्र मायनिंग करणारे गट) चालकांनी हा मऊ, म्हणजे सक्तीचा नसलेला, आकडा वाढवला. ११ मार्चच्या रात्री ब्लॉक २,२५,४३० नव्या ०.८ आवृत्तीने स्वीकारला आणि ०.७ ने नाकारला. ०.८ मध्ये डेटाबेस बदललेला होता. जुन्या डेटाबेसमध्ये एका वेळी घेता येणाऱ्या कुलपांची संख्या मर्यादित होती आणि हा ब्लॉक तिच्यापलीकडे गेला. साखळी दुभंगली. मोठ्या पूलांनी काही तासांत जुन्या आवृत्तीवर परतून २४ ब्लॉक सोडून दिले, प्रत्येकी २५ नाण्यांच्या बक्षिसासह. तेवढ्या वेळात एक दुबार खर्च यशस्वीही झाला. मोठ्या ब्लॉकची भीती पुढे अनेक वर्षे टिकली, तिचे मूळ या रात्रीत आहे.

मर्यादा वाढवू नये म्हणणाऱ्या लहान ब्लॉकवाल्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. एक मेगाबाइटने वर्षाला सुमारे ५२ गिगाबाइट साठतात, आठ मेगाबाइटने ४२०. घरच्या जोडणीवर नोड चालवणारे गळाले तर तपासणी पुन्हा मोजक्या कार्यालयांच्या हाती, म्हणजे पहिल्याच धड्याला हरताळ. जुलै २०१५ मध्ये जवळजवळ पूर्ण मेगाबाइटचा एकच व्यवहार असलेला ब्लॉक आला आणि तो तपासायला चांगल्या संगणकालाही सुमारे २५ सेकंद लागले, कारण जुन्या पद्धतीत जमा दुप्पट झाल्या की काम चौपट होई. तरीही आठ मेगाबाइटचा प्रस्ताव २०१५ मध्ये आला तेव्हा आणखी एक मुद्दा पुढे रेटला गेला: ब्लॉक भरणे चांगलेच, कारण त्यातून शुल्काचा बाजार उभा राहील. ‘रोकड’ हा शब्द इथे बदलला. कॉफी साखळीवर नोंदवणे म्हणजे उधळपट्टी, साखळी मोठ्या रकमांच्या अंतिम हिशेबासाठी, असे सांगितले जाऊ लागले. २०११ ला कॉफी विकणाऱ्या-घेणाऱ्यांना हे कुणी विचारले नव्हते. डिसेंबर २०१३ मध्ये एका चुकीच्या स्पेलिंगमधून जन्मलेला ‘होडल’ हा शब्द, म्हणजे विकू नका, धरून ठेवा, तोवर खर्च करण्याच्या जुन्या शिकवणीवर चढून बसला होता.

या वादाचा शेवट २०१७ मध्ये झाला. १ ऑगस्टला आठ मेगाबाइटवाले वेगळी साखळी घेऊन निघाले. २४ ऑगस्टला मूळ साखळीत ब्लॉक ४,८१,८२४ पासून व्यवहारातल्या स्वाक्षऱ्या वेगळ्या मोजण्याची पद्धत लागू झाली आणि जागा प्रत्यक्षात फार तर दुपटीच्या आसपास वाढली. या बदलासोबत मर्यादा दोन मेगाबाइट करायची, ही उरलेली तडजोड ८ नोव्हेंबरला मागे घेतली गेली. डिसेंबरमध्ये सरासरी शुल्क पन्नास डॉलरच्या पुढे गेले. व्हिडिओ गेम विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाने त्याच महिन्यात बिटकॉइन घेणे थांबवले. छोट्या रकमांसाठी साखळीबाहेरच्या वाहिन्यांचे, म्हणजे आधी रक्कम अडकवून दोघांनी आपसात हिशेब ठेवण्याचे, ‘लाइटनिंग’ जाळे २०१८ पासून वापरात आहे. पण वाहिनी उघडायला आणि बंद करायला साखळीवरच व्यवहार लागतो. पैसे घेणाऱ्याकडे आधीच समोरच्या बाजूने पुरेशी रक्कम अडकवलेली असावी लागते, नाहीतर पैसे येतच नाहीत.

करांनीही काउंटर अवघड केला. अमेरिकेत मार्च २०१४ पासून हे नाणे मालमत्ता ठरले, म्हणजे प्रत्येक कॉफीमागे नफ्याचा हिशेब. मुंबईत वरळीच्या एका पिझ्झेरियाने २०१३ मध्ये बिटकॉइन घेऊन पाहिले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला मध्यवर्ती बँकेचा इशारा आला आणि अनेक विनिमय केंद्रांनी व्यवहार थांबवले. पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रात हे नाव घरोघर पोहोचले ते दरमहा १० टक्के, १८ महिने, असे आमिष दाखवणाऱ्या योजनेमुळे. तिचे गुन्हे पुण्यात नोंदले गेले. ज्यांनी पाच-पाच नाणी फुकट वाटली त्यांचेच शब्द वापरून ही लूट झाली, याचे दुःख मोठे आहे. बँकांनी अशा व्यवहारांना सेवा देऊ नये, ही रिझर्व्ह बँकेची एप्रिल २०१८ ची बंदी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केली. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि हस्तांतरावर १ टक्का कपात आहे, आणि खर्च करणे हेही हस्तांतरच. किरकोळ रकमा फुकट पाठवण्याची गरज इथे २०१६ नंतर यूपीआयने भागवली, पण प्रत्येक व्यवहारात दोन्ही टोकांना बँक ठेवून.

ऑक्टोबर २०२४ च्या २८.० आवृत्तीपासून मुख्य सॉफ्टवेअरचे नोड कोणताही लटकलेला व्यवहार जास्त शुल्काच्या दुसऱ्या व्यवहाराने आपोआप बदलू देतात. शून्य कन्फर्मेशनवर कॉफी देणाऱ्या दुकानदाराचा उरलासुरला आधार त्याने गेला. १५ जुलै २०१० ची ओळ अजून कामात आहे: २०१७ पूर्वीची आवृत्ती चालवणाऱ्या नोडला स्वाक्षऱ्या वजा करून ब्लॉक दिला जातो, आणि तो दहा लाख बाइटच्या आतच भरतो.